प्रोब काढल्यावर

मित्रांनो, मी एका विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकी विभागातला ऑसिलोस्कोप. वयाने तिथल्या निम्म्या प्राध्यापकांपेक्षा मोठा, अंगाने जड, स्वभावाने थोडा खवट. संशय घेणे हीच माझी रोजीरोटी आहे, त्यामुळे गोड बोलणे मला कधी जमले नाही.

वीज डोळ्यांना दिसत नाही. ती तारेतून शांतपणे चालली आहे, उड्या मारते आहे की वाटेतच दमून बसली आहे, हे माझ्या पडद्यावरची हिरवी रेषा दाखवते. माझ्यापासून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला पेनासारखी एक प्रोब असते. ती प्रोब सर्किटला अडकवली की आतली सगळी बातमी मला कळते. विद्यार्थी म्हणतात, "एकदम बरोबर चाललंय." मी म्हणतो, बघू या.

हा स्वभाव मला कारखान्यातच जडला. ज्या बाईच्या हातून मी बाहेर पडलो ती सर्वांत शेवटच्या टेबलावर बसायची. चष्मा दोरीने गळ्यात, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. माझी रेषा सरळ यावी म्हणून तिने अर्धा दिवस माझे स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवले. शेजारीण वैतागून म्हणाली, "अगं, झालंय की आता. किती बघशील?"

"झालंय असं वाटतंय ना, म्हणूनच परत बघते," ती म्हणाली.

मग तिने माझ्या पाठीवर 'तपासले' असा कागद चिकटवला आणि मला खोक्यात घातले. तिचा मला पूर्ण भरवसा होता. असा भरवसा वाटावा अशी माणसे मला नंतर फार भेटली नाहीत.

विद्यापीठात माझे पहिले दिवस कौतुकात गेले. मला बघायला दुसऱ्या विभागांतून माणसे येत. विभागाच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर माझा फोटो छापला. फोटोत एक मुलगा आणि एक मुलगी माझ्या पडद्याकडे बोट दाखवून हसत आहेत आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकी : संधींचे मोकळे आकाश'. मित्रांनो, तो फोटो काढला तेव्हा मी बंद होतो. माझा प्लग जमिनीवर पडला होता. ती दोघे नेमके कशाला हसत होती ते त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून छापील आकाशाकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघतो.

मुले पहिल्या वर्षी येत तेव्हा रेझिस्टरवरच्या रंगांच्या पट्ट्याही त्यांना वाचता येत नसत. चौथ्या वर्षी तीच मुले आपसांत अशा भाषेत बोलत की घरच्यांना वाटावे, पोर हातचे गेले. मधल्या काळात काय चालायचे ते मी जवळून पाहिले आहे. प्रयोगाचा तास दोन तासांचा. त्यातला पाऊण भाग सर्किट का चालत नाही हे शोधण्यात जायचा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या वह्यांत एकदम देखणे आकडे उगवायचे. कुठून? गेल्या वर्षीच्या वह्यांतून. मी पडद्यावर तीन दाखवतो आहे आणि माझ्यासमोर बसून पोरगा पाच लिहितो आहे! वर मान हलवून म्हणतो आहे, "आलं बघ बरोबर." मी बोलू शकत असतो तर त्याचे कान उपटले असते.

हीच मुले पुढे सगळीकडे पसरतात. माझ्यापुढे शिकलेली एक आता नखाएवढ्या चिपमध्ये लाखो रस्ते आखते. एक जण मोबाइलच्या मनोऱ्यांवर चढतो. तो इथे असताना पंखा पुसायला स्टुलावर चढायलाही घाबरायचा, मुलाखतीत मात्र उंचीची आवड असल्याचे सांगून आला. दोघी गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकची सर्किटे तपासतात. कितीतरी जण चार वर्षे सोल्डरिंगचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, धूर खातात आणि शेवटी बँकेच्या संगणकांसाठी प्रोग्राम लिहितात. भेटायला आले की सगळे एकच सांगतात, "मजेत आहे." असतीलही. मी काही प्रोब लावून पाहिलेली नाही. मला धाकधूक वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. इथे तीनाचे पाच करणारा हात उद्या ब्रेकच्या सर्किटवर पडला, तर तो काय लिहील?

मग नवे ऑसिलोस्कोप आले, पुस्तकासारखे चपटे आणि रंगीत पडद्याचे. माझी रवानगी खिडकीखालच्या कोपऱ्यात, करकरणाऱ्या चाकाच्या ट्रॉलीवर झाली. माझे एक बटण हरवले तेव्हा तिथे कोणीतरी टूथपेस्टचे झाकण बसवून दिले. माझ्यावर धूळ बसे, कोणी डबा ठेवे, कोणी ओली छत्री टेकवे. त्या दिवसांत माझी विचारपूस करणारे एकच होते, प्रयोगशाळेचे सहायक. कमरेला सतरा किल्ल्यांचा जुडगा, म्हणून मुले त्यांना किल्लीकाका म्हणत. संध्याकाळी सगळ्या प्रोब मोजून कपाटात ठेवायच्या, कुलूप लावायचे, आणि दोन पावले गेल्यावर परत येऊन कुलूप ओढून बघायचे, हा त्यांचा रिवाज. आमचे चांगले जमायचे. त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवून भिंतीवर लावली होती : 'आधी प्रोब लावा, मग वीज सुरू करा. आधी वीज बंद करा, मग प्रोब काढा.' हा नियम मोडणाऱ्याला ते सरळ दाराबाहेर उभे करत.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. नवे स्कोप ज्यांच्या ओळखी जास्त त्यांनी आधीच अडवले होते. माझ्याकडे आली ती एक एकटी मुलगी. वर्गात तिला खोडरबर म्हणत. आकडा लिहायची, पडद्याकडे बघायची, खोडायची, परत मोजायची, परत लिहायची. तिच्या वहीची पाने घासून घासून इतकी पातळ झाली होती की मागच्या पानावरचे अक्षर पुढे दिसे. मला पहिल्याच दिवशी वाटले, इथे कुठेतरी पाणी मुरते आहे. जो खरे लिहितो त्याला इतके खोडावे का लागते? शेजारच्या टेबलावरच्या मुलाची वही बघा. अक्षर मोत्यासारखे, एक खाडाखोड नाही. त्याला सगळे मोतीच म्हणत. अर्थात ते आकडे त्याने कुठून आणले होते हे मला माहीत होते, पण निदान दिसायला तरी वही चांगली होती.

खोडरबर करत होती ते यंत्र छोटेसे होते. सलाईनची बाटली संपत आली की घंटी वाजवायची, एवढेच त्याचे काम. तिची आत्या रुग्णालयात असताना घरातल्या एकाला तासन्‌तास नुसते बाटलीकडे बघत बसावे लागे, त्यातून तिला हे सुचले. थेंब मोजायला एक बारीक दिवा, हिशेब ठेवायला एक चिप, आणि त्या चिपला घड्याळासारखे ठोके देणारा एक क्रिस्टल. ठोके थांबले की चिप मेली. म्हणून ती रोज माझी प्रोब क्रिस्टलच्या पायाला अडकवायची, मग वीज सुरू करायची आणि पुटपुटायची, "बघू, नाडी लागतेय का?"

नाडी लागायची. थेंब मोजले जायचे. बाटली संपत आली की घंटी वाजायची. तीन आठवड्यांत ती एकदाही चुकली नाही.

विद्यार्थ्याचे सर्किट इतके शहाण्यासारखे वागलेले मी कधी पाहिले नव्हते, म्हणून माझा संशय आणखी वाढला. मी तिच्या हातांवर नजर ठेवली, वहीवर ठेवली, पिशवीवरही ठेवली. एका ठिकाणी ठेवायची राहिली.

प्रकल्पाच्या दिवशी बाहेरून परीक्षकबाई आल्या. रुग्णालयांची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या दुरुस्ती विभाग सांभाळत. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती आणि ती याच वर्गातून भरायची होती. खोडरबरला ती जागा हवी होती. पण आधी पास व्हायला हवे होते, कारण प्रकल्प चालला नाही तर वर्ष वाया, असा विभागाचा नियम. समोरच्या टेबलावर फक्त प्रकल्प मांडायचा, मोजायची यंत्रे तिथे नाहीत. मी माझ्या कोपऱ्यातून बघत होतो. मला तापायला अर्धा तास लागतो, म्हणून काकांनी सकाळीच मला लावून ठेवले होते.

खोडरबरने बाटली टांगली, वीज सुरू केली. थेंब पडू लागले. बाटली रिकामी झाली, नळीत हवा शिरली, तरी घंटी वाजेना.

"हे कधी चाललं होतं का?" परीक्षकबाईंनी विचारले.

"रोज चालतं. तीन आठवडे चालतंय."

बाईंनी तिची वही उघडली. घासलेली पाने, पुसलेल्या आकड्यांवर नवे आकडे. त्यांनी एक पान उजेडात धरले. "आणि हे आकडे? हे तुम्ही मोजलेत, की जुळवलेत?"

मागे मोती खुसखुसला. विभागप्रमुख मॅडमनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "चार वाजेपर्यंत वेळ देते. तोवर चालवून दाखव, नाहीतर पुढच्या वर्षी परत."

ती यंत्र उचलून माझ्याकडे आली. घाईतही नियम चुकला नाही. प्रोब लावली, वीज सुरू केली. माझ्या पडद्यावर ठोके स्वच्छ उमटले आणि दुसरी बाटली संपताना घंटी खणखणली. तिने ओरडून सगळ्यांना बोलावले. परीक्षकबाईंनी पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "छान. आता हेच तिकडे नेऊन ठेवा."

तिने वीज बंद केली, प्रोब काढली, यंत्र समोर नेले. पुन्हा मढ्यासारखे गप्प.

मग मात्र सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. मॅडमनी वाकून माझ्या ट्रॉलीखाली पाहिले. किल्लीकाकांनी जवळचे खण ओढून रिकामे केले. कोणीतरी माझ्या पाठीमागे हात घालून छुपी वायर शोधली. मोती म्हणाला, "मॅडम, हिच्या खिशात रिमोट असेल." आणि मित्रांनो, लाज वाटते पण सांगतो, मीही मनात म्हटले, सापडली एकदाची. मी म्हणतच होतो.

दाराशी तिचे वडील उभे होते. त्या दिवशी घरच्यांना येऊ देतात. लिफ्ट दुरुस्तीचे काम करणारा माणूस, बाहीवर ग्रीसचा डाग, आणि चारचौघांत मुलीला लबाड ठरवलेले ऐकून तोंड उतरलेले. ते तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. काही केलंयस का?"

"नाही, बाबा."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिले. त्यांनाही खात्री नव्हती, हे मला दिसले. मग त्यांनी मान हलवली. "बरं. मग ऐक. लिफ्ट दुरुस्त झाली की आधी मी आत उभा राहून चालवतो. चालली, तरी सही करत नाही. बाहेर येतो आणि रिकामी सोडतो. कधीकधी माझ्या वजनानंच एखादा खटका टेकलेला असतो. मी उतरलो की बया बंद. इथे आत कोण उभं आहे, ते बघ."

खोडरबरने सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले. मी जन्मभर ज्या नजरेने दुनियेकडे बघत आलो, त्याच नजरेने आता कोणीतरी माझ्याकडे बघत होते. मला भयंकर राग आला. माझ्यावर संशय? पाठीवर 'तपासले' लिहिलेल्या माझ्यावर?

तिने यंत्र आणले, प्रोब लावली, वीज सुरू केली. ठोके चालू. मग वीज तशीच ठेवून तिने प्रोब झटकन काढली.

"ए पोरी! पाटी वाच!" किल्लीकाका ओरडले.

यंत्र बंद पडले. प्रोब लावली, चालू. काढली, बंद.

"काका, तुमचा नियम मी तीन आठवडे पाळला," ती म्हणाली. "वीज चालू असताना प्रोब एकदाही काढली नाही. म्हणूनच कळलं नाही."

क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना तिळाएवढे दोन कपॅसिटर, म्हणजे किंचित वीज साठवणारे भाग, लागतात. ते नसतील तर ठोके सुरूच होत नाहीत. माझ्या प्रोबच्या वायरीत तसाच थोडासा गुण असतो, जन्मापासूनच. तिने भिंग लावून पाहिले तर एका कपॅसिटरचा सोल्डरचा जोड कच्चा होता. बसल्यासारखा दिसत होता, पण बसला नव्हता. तीन आठवडे त्या तिळाची जागा मी भरून काढत होतो. मला वाटत होते मी नुसता बघतो आहे. नाही हो. मी तिच्या सर्किटचा एक भाग होऊन बसलो होतो, आणि माझ्या नकळत माझ्याच पडद्यावर धडधडीत खोटे दाखवत होतो. जिच्या वहीवर मी डोळा ठेवला तिने तीन-तीन वेळा मोजून खरे तेच लिहिले होते. खोट माझ्यात होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

चारला दहा मिनिटे होती. तिने सोल्डरिंग आयर्न तापवले आणि तो तीळ नीट बसवला. मोती जवळ येऊन कुजबुजला. चेष्टा नव्हती, खरे तर त्याला तिची कीव आली होती. "झालं ना आता? ने तसंच. पहिल्यांदा वायर हलली होती म्हणून सांग. आकड्यांचं म्हणशील तर माझ्याकडे चांगले आहेत."

तिने वही उघडली. रबर घेतला नाही, पेन घेतले. प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून तिने लिहिले, 'हे सर्व आकडे प्रोब जोडलेली असताना घेतले. प्रोबशिवाय यंत्र बंद होते. सर्व पुन्हा मोजावे लागेल.' खाली सही केली आणि वही परीक्षकबाईंपुढे ठेवली.

बाईंनी वाचले. चेहरा काही हलला नाही. "आणि आता ते दुरुस्त झालं, याची खात्री काय? तुमचा तो स्कोप तिकडे अजून चालू आहे."

"काका, त्याचा प्लग काढा," खोडरबर म्हणाली. "प्रोबही कपाटात टाका. कुलूप लावा."

कपाट बंद झाल्याचा आवाज आला, मग काकांनी कुलूप ओढून पाहिले. ते माझ्याकडे आले. माझी हिरवी रेषा आखडली, ठिपका झाली आणि विझली. वीज गेली की मला दिसत नाही, नुसते ऐकू येते. आणि थेंब पडताना आवाज होत नाही. समोर काय चालले आहे ते मला कळेना. कोणी खाकरले. कोणाची तरी खुर्ची सरकली. तिचे वडील एकदा मोठ्याने श्वास सोडताना ऐकू आले. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्या हातात काही नव्हते. मोजता येत नव्हते, तपासता येत नव्हते. मी नुसता तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो होतो.

मग घंटी वाजली.

"प्रकल्प चालला. आकडे मात्र आठ दिवसांत पुन्हा मोजून आण," परीक्षकबाई म्हणाल्या. "त्याशिवाय गुण देणार नाही." मग पुन्हा त्यांचाच आवाज आला. "आमच्याकडची यंत्रं माणसांना लावलेली असतात. प्रयोगशाळेत चालत होतं, असं तिथे म्हणून चालत नाही. सकाळी आठला यावं लागेल. येशील?"

ती काय म्हणाली ते ऐकू आले नाही. तिचे वडील मात्र मोठ्याने म्हणाले, "येईल, येईल!" आणि त्यावर परीक्षकबाई म्हणाल्या, "त्या मोत्यासारख्या अक्षराची वही जरा परत द्या मला. ती मी फार लवकर मिटली."

मित्रांनो, तुम्ही या शाखेत येणार असाल तर खुशाल या. माहितीपत्रकातले आकाश आहे की नाही ते मला माहीत नाही, पण काम आहे, आणि ते खऱ्या माणसांना जाऊन भिडते. आम्हा जुन्या यंत्रांना सांभाळा. आमच्या वायरी पिळू नका, डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवू नका. आमच्याकडून तपासून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका; आम्हाला बाजूला करा आणि मग पुन्हा बघा. आणि संशय घ्यायचा झाला तर आधी तो आपल्यापासून सुरू करा. मला हे एवढ्या म्हातारपणी कळले, तुम्हाला लवकर कळो.

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, त्या दिवशी घंटी प्रोबशिवायच वाजली, याला पुरावा काय? माझ्याकडे काही नाही. घंटी ऐकली एवढेच; मी बंद होतो, पडद्यावर रेषा नव्हती. तिने सांगितले प्रोबशिवाय वाजली, आणि मी मानले.